गाडी कोण चालवत होतं

हे तुम्ही कोणी खरं मानणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमच्या घराण्याबद्दल मी आजवर जे जे सांगितलं ते तुम्ही मान डोलवत ऐकून घेतलंत. अण्णांनी, म्हणजे माझ्या मोठ्या भावाने, रिव्हर्स गियरमध्ये अख्खा डोंगर चढवला, मानलंत. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या एका म्हातारीने चोराचा पाठलाग करून त्यालाच पुढे ड्रायव्हर म्हणून ठेवला, तेही मानलंत. पण अण्णांच्या थोरल्याने, ज्याने जन्मात पिवळा सिग्नलसुद्धा ओलांडला नाही त्याने, एका सकाळी अट्टल गोळ्या खाणारा म्हणून व्यसनमुक्ती केंद्रात स्वतःचीच भरती जवळजवळ पक्की केली होती आणि ती निव्वळ मत्सरापोटी, असं म्हटलं की लोक माझ्याकडे बघून हसतात. खुशाल हसा. मी तिथे होतो.

सुरुवात टायरांपासून करायला हवी. धाकट्याने आमच्या मोटार ट्रेनिंग स्कूलची गाडी, छतावर 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' असा बोर्ड लावलेली, भल्या सकाळी टायरच्या दुकानात घातली. गाडीत तो एकटाच होता, हे नशीब. टायरवाल्याने दारात मनोरे रचले होते, ते कोसळले आणि टायर उतारावरून गावभर घरंगळत गेले. एक टायर म्हणे कोर्टाच्या पायरीला जाऊन टेकला, म्हणजे खटला आमच्या आधी तिथे पोहोचला. कोणाला लागलं नाही. टायरवाल्याचं स्टूल तेवढं मोडलं, आणि तो त्या क्षणी स्टुलावर नव्हता. पोलिसांनी धाकट्याला नळीत फुंकायला लावलं. नळी एकदम शुद्ध. मग रक्त घेतलं, तर रक्तात पाठदुखीच्या गोळ्या निघाल्या, बैलाची पाठ सरळ करतील इतक्या.

पाठदुखी आमच्या धंद्यातच आहे. शिकवणाऱ्याने शेजारच्या सीटवर अंग मुरडून बसायचं, एक डोळा रस्त्यावर, एक शिकणाऱ्याच्या हातावर, आणि पाय सतत ब्रेकच्या वर अधांतरी. दिवसभर. अण्णा त्यानेच वाकले, मीही वाकलो. धाकट्याला डॉक्टरने गोळ्या दिल्या. दुखणं गेलं, गोळ्या राहिल्या.

मॅजिस्ट्रेट बाई शांत होत्या. म्हणाल्या, "तुम्ही लोकांना गाडी शिकवता, म्हणून मी जास्त कडक वागायला हवं. तुरुंगात पाठवणं मला सोपं आहे. पुढच्या तारखेच्या आत हा माणूस उपचाराला लागलेला दिसला, तर वेगळा विचार करीन. पण केंद्र कोर्टाने मान्य केलेलं हवं, नशेत गाडी चालवणाऱ्यांना घेणारं. घरी पडून राहिला हे उपचारात धरणार नाही." लायसन तिथल्या तिथे जमा झालं. धाकटा मान खाली घालून उभा होता. वहिनी, म्हणजे अण्णांच्या मागे स्कूल चालवणारी त्याची आई, मॅजिस्ट्रेट बाईंकडे अशा बघत होत्या जणू त्या लायसनची परीक्षा द्यायला आल्यात आणि नापास होणार आहेत.

त्यानंतर वहिनी फोनला चिकटल्या त्या चिकटल्याच. सगळे फोन झाल्यावर संध्याकाळी आम्ही शिकवणीच्या खोलीत बसलो.

आमच्याकडे भांडण कुठेही होतं, पण निर्णय फक्त त्या खोलीत. भिंतीवर वाहतुकीची चिन्हं, कोपऱ्यात कापून उघडं केलेलं इंजिन, आणि मधोमध फळीवर ठोकलेली नकली गाडी. दोन सीट, एक स्टिअरिंग, ब्रेक दोन्हीकडे. अण्णांनी घालून दिलेला नियम असा की स्टिअरिंगवर बसेल त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. शेजारच्या सीटवरच्याने ब्रेक दाबला की बोलणाऱ्याने गप्प बसायचं. शेजारची सीट वयाचा मान म्हणून माझी. माझ्या उजव्या पायाला या घरात जो मान आहे तो मला स्वतःला कधी मिळाला नाही.

स्टिअरिंगवर आधी वहिनी बसल्या.

"पहिल्याने सांगितलं, कोर्टाची भानगड घेत नाही. दुसरी बाई गोड बोलली. म्हणाली, रोज किती लागते? मी म्हटलं, काय किती? म्हणाली, दारू. मी म्हटलं, अहो, आमचा मुलगा दारूला शिवत नाही. तर म्हणते, मग नाही हो घेता यायचा."

"पीत असता तर एव्हाना सोय लागली असती," मी म्हणालो.

"भाऊजी, तुमचं काम ब्रेकचं आहे, तेवढंच करा. तिसऱ्याकडे जागा आहे, पण कोर्ट त्याला मानत नाही. चौथं आहे नदीपलीकडे. गोळ्यांचे घेतात, कोर्टाने पाठवलेले गाडीवाले घेतात, सगळं बसतं. म्हणाले, एक जागा होण्यासारखी आहे, आधी घरचं कोणीतरी येऊन बोलून जा. मी विचारलं, खोलीला खिडकी आहे का? आहे म्हणाले. मागे झाडं पण आहेत."

थोरला पाठीमागे चिन्हांच्या भिंतीला टेकून उभा होता. 'मागे झाडं' हे त्याला लागलं. वहिनी सीटवरून उतरायच्या आत त्याने स्टिअरिंगला हात घातला.

"मला कावीळ झाली तेव्हा मला गॅरेजवरच्या खोलीत ठेवलं होतंत, आई. तिथे खिडकी नव्हती."

"कावीळ होती ती. घरात लहान मुलं होती."

"आणि याला काय झालंय?"

"हा आजारी आहे."

"मी काय मजेत पिवळा झालो होतो?"

ब्रेक दाबायला हवा होता. नाही दाबला. धाकट्याच्या अपघातापासून माझं घरातलं दुकान बसलं होतं. संध्याकाळी माणसं यायची ती पूर्वी माझ्या गोष्टी ऐकायला, आता सगळ्यांना टायर हवे असायचे. त्या टायरवाल्याने तर इतका रंग भरला की मला त्याच्यासमोर शिकाऊ झाल्यासारखं वाटू लागलं. तेव्हा दुसरं कोणीतरी धाकट्यावर जळतंय, हे बघायला मला बरं वाटत होतं. म्हातारपणी एवढीही करमणूक नको का?

धाकटा बाकावर बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. हात थरथरत होते म्हणून दाबलेले, हे फक्त सूनबाईच्या लक्षात आलं. थोरल्याची बायको औषधाच्या दुकानात काउंटरला असते, तिला हात वाचता येतात. तिच्या मनात एकच होतं, याला लवकरात लवकर कुठेतरी पाठवा. दया होती, नाही असं नाही. पण तो घरात आहे तोवर सासूबाईंचं बोलणं, थोरल्याचं चिडणं, जेवणाचं ताट, दारावरची थाप, सगळं धाकट्याभोवती फिरणार, आणि ती दुकानातून किती थकून येते हे कोणी बघणार नाही, हेही होतं.

वहिनींनी नेमकं तिलाच धरलं. "गोळ्या कुठून मिळत होत्या, ते सूनबाईला ठाऊक असेल."

"माझ्या काउंटरवरून नाही, आई. मी परत पाठवला त्याला. चिठ्ठी जुनी होती."

"म्हणजे तो तुझ्याकडे आला होता."

"आला होता."

"तुला सांगितलं त्याने. मला नाही सांगितलं."

"सांगितलं काही नाही. मागितलं. आणि मी यांना बोलले होते." ती थोरल्याकडे बघत होती.

"मला कधी?" थोरला म्हणाला.

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, त्याचं तो बघेल."

वहिनींनी थोरल्याकडे जी नजर टाकली ती मी दुरून पाहिली, तरी मला भाजली. इतका वेळ त्या सुनेवर होत्या, आता मोर्चा मुलाकडे वळला. पण त्या नजरेत राग कमी आणि दुखावलेपण जास्त. आपल्या पोराचं दुखणं आपल्याआधी सुनेला कळलं, सुनेकडून थोरल्याला, आणि आपण सगळ्यात शेवटी, तेही पोलिसांकडून. धाकटा आपला, असं त्या उभ्या गावाला सांगत आल्या होत्या.

"उद्या सकाळी थोरला जाईल नदीपलीकडे," त्या म्हणाल्या. "तो नीट बोलतो. भाऊजी, तुम्ही सोबत जा."

"नीट बोलतो म्हणून सगळीकडे मीच," थोरला म्हणाला. पण हे त्याने स्टिअरिंगवरून उतरल्यावर म्हटलं, म्हणजे नियमाप्रमाणे ते कोणी ऐकलं नाही.

सकाळी आम्ही स्कूलच्याच गाडीने निघालो. दुसरी, अंगावर एकही ओरखडा नसलेली. थोरल्याने स्कूलचा निळा शर्ट घातला होता, इस्त्रीची घडी कोपरापर्यंत. त्याच्या मनात काय चाललं होतं ते मला कसं कळलं, विचाराल. शिकणाऱ्यांच्या शेजारी जन्म गेला की माणसाच्या तोंडाकडे बघायची गरज उरत नाही. पायाकडे बघायचं. पुलावर गाडी रिकामी, रस्ता मोकळा, तरी थोरल्याचा पाय सारखा ब्रेककडे जात होता. याला तिथे पोहोचायचंच नव्हतं.

"खिडकी आहे का, विचारलं आईने," तो मधेच म्हणाला.

"हं."

"झाडं."

"झाडं तर कुठेही असतात रे."

"माझ्यासाठी कुठे होती?"

केंद्र म्हणजे एक बैठी इमारत, दवाखाना म्हणावी तर जास्त शांत आणि शाळा म्हणावी तर जास्त स्वच्छ. व्हरांड्यात एक जण फरशी पुसत होता, एक जण त्याला कुठे राहिलं ते दाखवत होता. समुपदेशक बाई उंच, आवाजाने हळू. त्यांच्या खोलीत टेबल होतं, पण बसायच्या खुर्च्या टेबलाच्या एकाच बाजूला, शेजारी शेजारी. आमच्या नकली गाडीसारख्या. वहिनींचा फोन त्यांच्या लक्षात होता. थोरल्याचा शर्ट, त्यावरचं स्कूलचं नाव बघून त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"गाडी कोण चालवत होतं?"

आता इथे आमच्या घराची खोड सांगायला हवी, नाहीतर पुढचं तुम्हाला पटणार नाही. शिकणाऱ्याने कोणाचा आरसा तोडू दे, कोणाच्या दारात गाडी घालू दे, पोलिसाने हा प्रश्न विचारला की शेजारच्या सीटवरच्याने म्हणायचं, "मी." अण्णांनी आम्हाला हे गाडी शिकवायच्या आधी शिकवलं. शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी पोलिसासमोर उभं केलं तर तो परत स्टिअरिंगला हात लावत नाही. दोष शिकवणाऱ्याचा. थोरल्याने हे इतक्या वेळा केलंय की प्रश्न कानावर पडला की उत्तर त्याच्या घशातून आपोआप येतं.

"मी," थोरला म्हणाला.

"आणि आपण?" बाईंनी मला विचारलं.

"मी काका."

"काका, थोडा वेळ बाहेर बसाल?"

मी बाहेर बसलो. खिडकीखालीच बाक होतं, आणि खिडकी उघडी. ऐकू येत नव्हतं असं म्हणणं सभ्यपणाचं झालं असतं.

मला वाटलं, आता हा सांगेल की चूक झाली, चालवत होता तो माझा भाऊ. तोंड उघडलंही असेल त्याने. पण बाईंनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि विचारलं, "झोप कशी आहे?"

ग्लास उचलून पुन्हा ठेवल्याचा आवाज आला.

"लागत नाही," थोरला म्हणाला.

"कधीपासून?"

"लग्नाच्या आधीपासून."

"कोणाला बोललात?"

"कोणी विचारलं नाही."

इतकं झाल्यावर माणूस काय करतो? मी असतो तरी बसून राहिलो असतो. बाईंनी विचारलं, गोळ्या कशा सुरू झाल्या. थोरल्याने धाकट्याची सगळी कहाणी स्वतःची म्हणून सांगितली. पाठ कशी धरायची, पहिली गोळी, मग सकाळची, मग सकाळची आणि दुपारची. आधी अडखळत होता. मग त्याला गोडी लागली. टायरच्या दुकानापर्यंत आला तेव्हा तर त्याच्या टायरांनी माझ्या टायरांना मागे टाकलं. हा माणूस, ज्याच्या आयुष्यात सांगण्यासारखं कधी काही घडलं नाही कारण त्याने ते घडू दिलं नाही, तो भावाचा अपघात असा सांगत होता जसा कोणी आपल्या लग्नाचा थाट सांगावा. मला खिडकीखाली कळलं, याला त्या अपघाताचासुद्धा हेवा वाटतोय.

"राग कोणाचा येतो?" बाईंनी विचारलं.

"भावाचा."

"तो काय करतो?"

"काही नाही. त्याला करावंच लागत नाही. शिकायला येणारे विचारतात, धाकटे सर आहेत का? मी म्हणतो, मी आहे. ते म्हणतात, मग उद्या येतो. त्याच्या हाताखाली शिकलेले परीक्षेत पडले तरी त्याला मिठाई आणून देतात. माझे सगळे पास होतात. रस्त्यात भेटले तर ओळखत नाहीत."

"आई?"

"आईला तो दिसतो. मी दिसायला मला काहीतरी व्हायला हवं. मला काही होत नाही."

बाई म्हणाल्या, "इथे राहायचं तर दर रविवारी घरचं एक माणूस येऊन तुमच्याबरोबर बसलं पाहिजे. नुसतं भेटायला नाही, बोलायला. त्याशिवाय आम्ही घेत नाही. तुमच्यासाठी कोण येईल?"

मी कान खिडकीला लावले. थोरला हिशेब करत असणार. आई? रविवारी शिकणाऱ्यांची गर्दी. बायको? तिचा तेवढाच एक सुट्टीचा दिवस, तोही झोपण्यात जातो. काका? काका येतील आणि परत जाऊन गावभर सांगतील.

"भाऊ येईल," तो शेवटी म्हणाला. आणि असा म्हणाला की जणू कोणीतरी त्याच्याकडून वदवून घेतलं.

"ज्याचा राग येतो तो?"

"तोच येईल. तसलाच आहे तो."

"बरं. एक जागा उद्या रिकामी होतेय. दुपारपर्यंत या. त्यानंतर मला ठेवता येणार नाही, कोर्टाचाच दुसरा एक जण थांबलाय."

तेव्हा कुठे थोरला बोलला. "मी नाही. गाडी माझा भाऊ चालवत होता."

"मग हे सगळं?"

"झोपेचं माझं. गोळ्यांचं त्याचं."

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पुढचं सगळं टळलं असतं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. मग उद्या भावाला घेऊन या. आणि रविवारी घरचं माणूस म्हणून तुम्हीच या." खुर्ची सरकल्याचा आवाज आला. त्या उठल्या होत्या. जिथे बसून थोरल्याने उभ्या जन्मात पहिल्यांदा आपलं काही सांगितलं, ती खुर्ची उद्या दुपारपासून धाकट्याची. आणि हा पुन्हा शेजारी, पाय ब्रेकवर.

पुलावर त्याने तोंड उघडलं. "काका, तिथे जागा नाही."

"आहे की. मी ऐकलं."

"नाही म्हणून सांगायचं."

"कोर्टाचं काय?"

"शोधतील दुसरं. त्याच्यासाठी शोधायला सगळे आहेत."

माझ्या पायाखाली खराखुरा ब्रेक होता. मी तो तेव्हाही दाबला नाही.

घरी पोहोचलो तेव्हा वहिनी दारातच होत्या. आम्हाला पाणीसुद्धा न विचारता शिकवणीच्या खोलीत घेऊन गेल्या. सूनबाई दुपारच्या सुट्टीत आली होती. धाकटा त्याच बाकावर. थोरला स्टिअरिंगवर बसला, दोन्ही हात नियमाप्रमाणे ठेवले आणि म्हणाला, "जागा नाही."

"काल फोनवर म्हणाले की होईल," वहिनी म्हणाल्या.

"भरली."

"एका रात्रीत?"

"भरली म्हणाले."

सूनबाई त्याच्याकडे बघत होती. नवरा खोटं बोलतो तेव्हा शब्द कमी करतो, हे तिला ठाऊक होतं. खरं बोलताना हा माणूस ऐकवत नाही इतका तपशील देतो.

"अहो, इकडे बघून सांगा."

"स्टिअरिंगवर असताना समोर बघायचं असतं."

"समोर भिंत आहे."

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही होतात ना? तुम्ही सांगा."

थोरल्याने उतरून मला जागा दिली. त्याने फक्त जागा नाही एवढंच सांगितलं होतं. साधं, कोरडं, पचण्यासारखं. मी 'हो' म्हणून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण सगळ्या घराचे डोळे माझ्यावर होते, टायर पडल्यापासून पहिल्यांदा. स्टिअरिंग हातात आलं आणि मी सुटलो.

"जागा असती तरी मी पोराला तिथे जाऊ दिलं नसतं, वहिनी. कसलं केंद्र? ती भिंत बघितली मी. दोन पुरुष उंच, वर काचा. खोल्यांना खिडकी म्हणतात ती एवढी, त्यातून मूठसुद्धा जात नाही. सकाळी उठून त्या लोकांना एका बसला दोर बांधून ओढायला लावतात. का, तर म्हणे गाडीचं वजन कळलं की माणूस सावध चालवतो. एक जण ओढता ओढता पडला, तर दुसऱ्याला सांगितलं, त्याचाही दोर तूच धर."

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या.

"आणि ती समुपदेशक. बोलत नाही, शिट्टी वाजवते. एक शिट्टी बसा, दोन शिट्ट्या उठा. थोरल्याला विचारा."

थोरला भिंतीवरच्या 'थांबा'च्या चिन्हाचा निघालेला कोपरा नखाने चिकटवत होता.

"माझा मुलगा तिथे नाही जायचा," वहिनी म्हणाल्या. "जागा असो नाहीतर नसो."

"मग तुरुंगात जाईल, आई," सूनबाई म्हणाली.

"तुला बरंच वाटेल. घर मोकळं होईल."

"वाटेल. काल वाटलंही. पण त्याचा रक्ताचा रिपोर्ट मी वाचलाय. तेवढ्या गोळ्या घेऊन माणूस जागा राहत नाही. आज सकाळीही त्याने कुठून तरी घेतलीय, त्याचे हात बघा, थरथरायचे थांबलेत. पुढच्या वेळी समोर टायर नसतील, आई. कोणाचं तरी पोर असेल रस्त्यावर. किंवा हाच." तिचा आवाज चढला नव्हता. काउंटरवर ती असंच बोलते, कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर. "ही जागा गेली तर तारखेच्या आत दुसरी मिळणार नाही. तुम्हीच सगळीकडे फोन केलेत."

वहिनींनी खालचा ओठ चावला. पहिल्यांदाच त्या सुनेकडे बघत होत्या, सून म्हणून नाही, तिच्या सांगण्यात तथ्य आहे म्हणून. त्या दोघी एका बाजूला गेल्या तर माझी गोष्ट गेली, हे मला दिसत होतं. शहाण्या माणसाने इथे गाडी बंद केली असती. मी गियर टाकला.

"आणि कुत्री," मी म्हणालो. "वासरांएवढी. फाटकाशी साखळीने बांधलेली. आत जाणाऱ्याला काही करत नाहीत, बाहेर येणाऱ्याला सोडत नाहीत. आम्हाला बाहेर पडताना थोरल्याने शर्टाची बाही..."

"कुत्री नाहीत तिथे, काका."

धाकटा बोलला होता. बाकावरून, स्टिअरिंगशिवाय. अपघातापासून तो या खोलीत एक शब्द बोलला नव्हता, त्यामुळे नियम मोडला हेही कोणाच्या ध्यानात आलं नाही.

"एक मांजर आहे," तो म्हणाला. "दारातच आडवी पडते. तिला ओलांडून जावं लागतं."

"तुला काय माहीत?" वहिनींनी विचारलं.

"गेलो होतो. टायरच्या आधी. बसने." त्याने हात मांड्यांवरून उचलले आणि त्यांचं काय करावं न सुचून पुन्हा तिथेच ठेवले. "बाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, एकट्याला घेत नाही, घरचं एक माणूस घेऊन या."

"मग मला का नाही सांगितलंस?" वहिनी.

"तू रडली असतीस."

"मला?" सूनबाई म्हणाली. आणि तिचं तिलाच काय ते आठवलं.

"दादाला सांगणार होतो." तो थोरल्याकडे बघत नव्हता, पण खोलीत दुसरं कोणी नसल्यासारखं बोलत होता. "त्याच संध्याकाळी. गॅरेजमध्ये गेलो, म्हटलं, दादा, पाठीचं जरा जास्त झालंय. पुढचं बोलणार, तर तो म्हणाला, मग सुट्टी घे, तुझे शिकणारे मी घेतो. सगळे घेतो. आणि इतका खूश झाला, आई. मी त्याला इतका खूश कधी बघितला नव्हता. मग माझ्याने पुढचं बोलवेना."

थोरल्याचं नख त्या चिन्हाच्या कोपऱ्यावर तसंच राहिलं.

मी तोंड उघडलं. शिट्टीबद्दल एक आणखी होतं माझ्याकडे, फार छान होतं.

"खोटं बोलताय तुम्ही, काका," धाकटा म्हणाला. "जागा नसती तर कुत्री कशाला लागली असती? जागा आहे."